टायर गरम झालंय

आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना चालत्या गाडीत, बसल्या जागेवरून टायरचा ताप कळतो. हात लावायचा नाही, खाली वाकायचं नाही. गाडी ऐंशीच्या वेगात असो की उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडत असो, वीस-बावीस किलोमीटर झाले की त्यांची मान जरा कलते, डोळे बारीक होतात आणि गाडीच्या छताला आतून अंगठीचा एकच टोला बसतो. टण्ण.

"दत्ता, थांबव. टायर गरम झालंय."

दत्ता म्हणजे मी. जुन्या जालन्यात राहतो. माझी सात सीटची व्हॅन आहे, ती भाड्यानं चालवतो. लग्न, बारसं, दवाखाना, दहावा, म्हणाल तिथं जातो. अठरा वर्षं झाली स्टिअरिंगवर. माझ्या दिसण्याला नावं ठेवा, गाण्याला ठेवा, माझ्या सासुरवाडीला तर खुशाल ठेवा, मी स्वतः दोन वाढवून देतो. पण माझ्या टायरला कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं. आणि हा माणूस दर बावीस किलोमीटरला बोलायचा.

त्यांचं नाव किसनराव, पण अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टर होते, आणि आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एक बाई एकदा लेकीची गणिताची वही घेऊन त्यांच्याकडं गेल्या, शिकवणी घेता का म्हणून. मास्तरांनी चष्मा लावून वही चाळली आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय. आकडे तेवढे लई दाटीवाटीनं बसलेत. त्यांला म्हणावं, पुढं सरका." बाईंनी दुसरीकडं शिकवणी लावली.

नोकरी सुटून सोळा वर्षं झाली, पण कंडक्टरकी काही सुटली नाही. देवळातल्या रांगेत उभे राहिले की मागून आवाज, "सरका, सरका, मधी जागा हाय." गाडीत एकच टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. मास्तरांनी छतावर दोन टोले दिल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही. एकदा घाईत हलवली, तर अंबड चौफुलीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आणि त्यांचा ठरलेला प्रश्न, "कुणी राह्यलं का?" पंगत उठायच्या आधी, सत्यनारायणाची आरती सुरू व्हायच्या आधी, कुठंही. एका लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक तोंडातून निघणार, तेवढ्यात मांडवाच्या टोकाकडून, "थांबा! कुणी राह्यलं का?" लोक वैतागले. मंग मोजामोज झाली, तर नवरीचा मामाच नव्हता. तो बिचारा कपडे बदलायच्या खोलीत बाहेरून कडी लागून अडकला होता. त्या दिवशी मास्तरांना वराकडून उपरणं मिळालं. पण हीच सवय एकदा स्मशानातून परतताना नडली. सगळी मंडळी फाटकाबाहेर आली आणि मास्तर फाटकात उभे राहून, "कुणी राह्यलं का?" अहो, एक जण राहायचाच होता, त्यालाच सोडायला गेल्तो! तोंडाला रुमाल लावून माणसं इकडंतिकडं पांगली. मास्तरांना मात्र आपण काय वावगं बोललो ते कळलं नाही.

त्यांचे नेम हा गल्लीतल्या बायकांचा कौतुकाचा विषय. सोमवारी बाहेरचा चहा नाही. मंगळवारी बाहेरचं पाणी नाही. बुधवारी दोन्ही नाही. प्रवास असला की घर सोडायच्या दोन तास आधीपासून घोटभरसुद्धा नाही. मे महिन्याच्या उन्हात ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि पाण्याची बाटली पुढं केली तर म्हणणार, "नेम म्हंजे नेम." आमची मंडळी मला ऐकवायची, "बघा जरा मास्तरांकडं. न्हाईतर तुम्ही! टपरी दिसली की थांबली गाडी." कीर्तनात त्यांची जागा दाराशी. पंगतीत कडेला. माझ्या गाडीत सरकत्या दाराजवळची सीट, तिथं कलेक्टर बसला असता तरी त्याला उठवलं असतं. बारा महिने काळी पँट. आणि खांद्याला एक खाकी पिशवी. तिला कुणी हात लावायचा नाही. काय आहे विचारलं तर, "देवाचं सामान." माझी बायको त्या पिशवीला वाकून नमस्कार करायची हो!

सगळ्यात कडक नेम लेकीच्या घरचा. मास्तरांना एकच लेक, सुनंदा, ती तीर्थपुरीला दिलेली. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, घरात दुसरं कुणी नाही. पूर्वीची माणसं लेकीच्या सासरचं पाणी पीत नसत. आता हे कुणी पाळत नाही, आणि पाळणारेसुद्धा नातू झाला की सोडून देतात. सुनंदाचा पोरगा कॉलेजात जातो, तरी मास्तरांचं चालूच. दर दिवाळीला साडी-चोळी घेऊन माझ्या गाडीनं जायचं, ओसरीत दाराजवळ खुर्चीवर तासभर बसायचं, पाण्याला हात न लावता उठायचं आणि परत. वीस वर्षांत एक रात्र मुक्काम नाही. आग्रह झाला की ठरलेलं उत्तर, "आमच्या घराण्यात न्हाई चालत." मी त्यांच्या घराण्यातला दुसरा माणूसच कधी बघितला नाही, त्यामुळं खरंखोटं देव जाणे.

मागल्या दिवाळीचीच गोष्ट. तीर्थपुरीला जाताना तीनदा टायर गरम झालं. तिन्ही वेळा मी चिडून खाली उतरलो, चारी टायरना हात लावले. गार! "मास्तर, गार हाय हो!" मी ओरडलो. तोवर ते लांब बाभळीच्या आडोशाला पोचलेले. "पाय मोकळे करून राह्यलो," तिकडून उत्तर आलं. परत आल्यावर म्हणाले, "वरून गार लागतं. आतून गरम असतं ते. तू बघत जा, मी सांगतो म्हणून." असं म्हणून दोन टोले.

एवढं झाल्यावर माझी झोप उडाली. अठरा वर्षं गाडी चालवून मला कळत नाही आणि मागं बसलेल्या म्हाताऱ्याला कळतं? आठवडाभर कुढत बसलो आणि शेवटी मागली दोन्ही टायरं नवी टाकली. बायको म्हणाली, "जुन्याला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, "तुला न्हाई कळायचं, आतून गरम असतं." मंग मुद्दाम मास्तरांना घेऊन परतूरच्या बाजूला एका लग्नाला गेलो. नव्या टायरचा वास अजून गेला नव्हता. गाडी पळून राह्यली झकास, मी आरशातून मास्तरांकडं बघून राह्यलो. बाविसावा किलोमीटर आला.

टण्ण. "दत्ता, टायर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन उस्मानभाईंच्या दारात. उस्मानभाई म्हणजे मास्तरांच्या गाडीवरचे ड्रायव्हर. एकाच गाडीवर दोघांनी वीस वर्षं काढली. आता ते मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर मुलाच्या पंक्चरच्या दुकानापुढं स्टुलावर बसून असतात, आणि टायरच्या बाबतीत अख्ख्या जुन्या जालन्यात त्यांचा शब्द शेवटचा.

"भाई, दोष काय हाय तेवढं सांगा. नवं टायर हाय. मास्तर म्हणतात दर बावीस किलोमीटरला गरम होतं."

उस्मानभाईंनी टायरकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "कित्ते पे? बावीस पे?"

"व्हय, बावीस."

"या अल्ला. पहले चालीस पे होता था!" आणि जे हसायला लागले, ते कवळी हातात काढून घ्यावी लागली. मी तसाच उभा, रागानं लाल. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला शेजारच्या जुन्या टायरवर बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अरे बाबा, टायर बिलकुल ठीक हाय तुझं. मास्तरची उमर झाली. लघवी थांबत न्हाई त्याला. मी बी रात्रीतून चार डाव उठतो की. सत्तरीच्या पुढं घराघरात हाय हे. फरक इत्ताच, मी बोलतो, तो शरम करतो."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. दाराशी जागा. काळी पँट. चहा नाही, पाणी नाही. देवाचं सामान म्हणजे दुसरी पँट! बायकोचा नमस्कार आठवला आणि मला हसू आलं, पण ते तोंडातच विरलं. मी अठरा वर्षं माणसं नेतो-आणतो, आणि एवढं मला कळू नये?

"पण मंग टायरचंच का सांगतात?" मी विचारलं. "लघवीला थांब म्हणायला काय होतं?"

"टायरचं त्यानं स्वतःसाठी न्हाई काढलं रे," उस्मानभाई म्हणाले. "लई पुरानी बात हाय."

मंग त्यांनी सांगितलं. जालना-आष्टी गाडी, उन्हाळ्याची दुपार, गाडी खचाखच भरलेली. मधल्या सीटवर एक म्हातारी. बराच वेळ ती चुळबुळ करत होती, दोनदा मास्तरांकडं बघून काही बोलायला गेली, पण चारी बाजूंनी गडी माणसं, तिनं पदर तोंडात धरला आणि गप बसली. व्हायचं ते झालं. सीटखालून ओघळ आला आणि कुणीतरी मोठ्यानं हसलं. मंग अर्धी गाडी हसली. म्हातारी उठली. "मास्तर, थांबवा. आलं माझं गाव," म्हणाली. रस्त्याला गाव नव्हतं, झाड नव्हतं. मास्तरांनीच तिचं तिकीट फाडलं होतं, आष्टीचं. आष्टी अजून लांब होती. त्यांना सगळं कळत होतं. पण गाडीला उशीर झालेला, लोक ओरडून राह्यले. म्हातारी त्या उन्हात खाली उतरली आणि मास्तरांनी डबल बेल दिली.

"आष्टी येईपर्यंत बोलला न्हाई," उस्मानभाई म्हणाले. "रातला जेवला न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याच रोडवर, जिथं दोन्ही अंगाला झाडी हाय, तिथं सिंगल बेल. मी म्हटलं क्या हुआ? म्हणतो, टायर गरम झालंय. मी उतरून बघितलं, टायर गार. तो मोठ्यानं बोलला, 'धा मिन्टं गाडी थांबंल. बायांनी तिकडच्या अंगाला पाय मोकळे करा, गड्यांनी हिकडं. उस्मानभाई, तुम्ही बसून राहा.' आणि खुद बायांच्या बाजूला पाठ करून टायरपाशी बसून राह्यला. रोज. रिटायर होईपर्यंत रोज. टाइम चुकतो म्हणून सायबाच्या शिव्या खाल्ल्या, पण सोडलं न्हाई. आणि निघताना दारात उभा राहून विचारायचा, कुणी राह्यलं का?"

मी तिथं टायरवर बसूनच राहिलो. स्मशानाच्या फाटकातला तो प्रश्न आठवला. आम्ही हसलो होतो. मला माझी लाज वाटली, सरळ सांगतो.

त्याच महिन्यात सुनंदाचा मला फोन आला. नवं घर बांधलं होतं, वास्तुशांत होती. "दत्ताभाऊ, आबांला तुम्हीच घेऊन या. आणि या डावाला त्यांला ऱ्हावं लागंल. वीस वर्सं झाली, एक रात राह्यले न्हाईत माझ्याकडं. मी काय केलंय त्यांचं? राग तरी सांगा म्हणावं. या डावाला बी तासाभरात उठून गेले, तर मी समजीन मला माहेर न्हाई. पुन्हा बोलवायची न्हाई मी."

मी निरोप जसाच्या तसा मास्तरांना दिला. ते खाटेवर बसून होते. ऐकलं, बराच वेळ अंगठी बोटात फिरवत राहिले, आणि म्हणाले, "येतो. पण सांजच्याला वापस. नेम म्हंजे नेम." नेहमीचा ठसका मात्र त्यात नव्हता.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी निघालो. खाकी पिशवी खांद्याला, काळी पँट, ओठ सुकलेले. दोन टोले. अंबड चौफुली मागं पडली, मोसंबीच्या बागा लागल्या. मी किलोमीटरच्या आकड्याकडं बघत होतो. वीस झाले, एकवीस झाले. आरशात मास्तरांची मान कलायला लागली, हात छताकडं निघाला, आणि त्यांच्या आधी मीच ब्रेक दाबला.

"मास्तर, टायर गरम झाल्यासारखं वाटून राह्यलं."

हात वरच्या वर थांबला. "कोणतं?"

"मागलं डावं. धा मिन्टं लागतील. मी टायरपाशी बसतो, तुम्ही पाय मोकळे करून या." आणि मी उतरून त्यांच्याकडं पाठ करून नव्याकोऱ्या टायरपुढं बसलो.

बऱ्याच वेळानं ते परत आले. माझ्या मागं उभे राहिले. "उस्मान्या बोलला वाटतं."

"न्हाई, न्हाई."

"त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, मला म्हाईत हाय." ते बांधावर बसले. मी वळून बघितलं नाही, टायरच चाचपत राहिलो. मंग आपणहून बोलायला लागले, टायरशी बोलावं तसे.

"पहिली काही वर्सं रीत म्हणूनच न्हाई राह्यलो, दत्ता, मंग हे मागं लागलं. रातीतून चार-पाच डाव उठावं लागतं. कधी कधी उठेस्तोवर दम निघत न्हाई. घरी एकटा हाय, चादर बदलतो, धुतो, वाळू घालतो, कोण बघतंय? पण तिथं तिच्या सासरची माणसं. नवं घर, नवी गादी. सकाळी माझ्या लेकीला सगळ्यांच्या देखत बापाची चादर धुवावी लागली तर? तिनं सासरी मान खाली घालावी, ती माझ्यापायी? त्याच्यापेक्षा तिला राग आला तर येऊ दे. मला काय ऱ्हावं वाटत न्हाई व्हय रे? दर दिवाळीला वापस निघताना जीव तिथंच ऱ्हातो."

"डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"काय सांगू जाऊन? ह्या वयात?"

"ह्या वयाचंच हाय ते! गोळ्या असतात त्याच्यावर," मी जरा चढ्या आवाजात बोललो. मास्तर उठले. गाडीत बसले, दोन टोले दिले. या खेपेला ते हळू होते.

तीर्थपुरीत पोचलो तेव्हा होम चालू होता. मास्तर सवयीनं दाराजवळच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. ते नको म्हणाले. तिनं तांब्या तसाच उंबऱ्यापाशी ठेवला आणि आत गेली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, संपलं आता.

जेवणं उरकल्यावर मास्तर उठले. पिशवी खांद्यावर. "निघतो मी, सुनंदा."

तेवढ्यात आतून काठी टेकत त्यांच्या विहीणबाई आल्या, सुनंदाच्या सासूबाई. कडूबाई नाव. पंच्याहत्तरीच्या, अंगानं एवढीशी काडी, पण आवाज मोंढ्यात लिलाव पुकारणाऱ्या हर्रासवाल्यासारखा. "मास्तर, घर बघायच्या आदी कुठं निघाले? चला. दत्ताभाऊ, तुम्ही बी चला. आन् सुनंदा, तू ये." बाकीच्या मंडळींना त्यांनी काठीनंच मागं सारलं आणि आम्हाला एका खोलीत नेऊन दार लोटलं.

छोटी खोली. एक खाट. खाटेपासून चार पावलांवर न्हाणीघराचं दार, आत संडासाशेजारी भिंतीत धरायला लोखंडी दांडी, आणि खाली जमिनीलगत एक मिणमिणता दिवा. कडूबाईंनी काठीच्या टोकानं गादीवरची चादर उचलली. खाली मेणकापड अंथरलेलं.

"ही तुमची खोली," त्या म्हणाल्या. "पलीकडची माझी. तिथं बी अशीच दांडी हाय, असंच मेणकापड हाय. दोघांचं बराबर."

मास्तरांनी मेणकापडाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, मी काहीच सांगितलं नव्हतं!

"त्याच्याकडं काय बघता? मला डोळे न्हाईत का?" कडूबाई म्हणाल्या. "दाराजवळ बसायचं, पाणी प्यायचं न्हाई, तासाभरात पळायचं. मी धा वर्सं हेच केलं माझ्या लेकीकडं जाताना. ती बी म्हणायची, आई, तुझा राग हाय माझ्यावर. घर बांधायला काढलं तवा सुनंदाला म्या सांगितलं, तुझ्या बापाला राग-बिग काय न्हाई, त्याला न्हाणीघर जवळ पायजे. मी तर डॉक्टरला दाखवलं. शरम सोडली, गोळ्या घेतल्या, पाच डावाचं दोन डावावर आलं. तुमाला बी नेते परवा."

"ईहीणबाई..." मास्तर कसंबसं म्हणाले.

"माझं माहेर आष्टीचं," कडूबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तुमच्या गाडीनं बारा वर्सं आले-गेले मी. तुमचं टायर एक डाव बी गरम नव्हतं. म्या हात लावून बघितल्तं. आमी समद्या बाया जाणून होतो. तुमी तिकडं पाठ करून बसायचे ना, तेवढं लई होतं आमाला. आता तुमची पाळी हाय, तर आमाला बी जरा पाठ करून बसू द्या की."

सुनंदा भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली आणि बापाच्या खांद्यावरची ती खाकी पिशवी तिनं काढून घेतली. इतक्या वर्षांत त्या पिशवीला दुसऱ्याचा हात लागलेला मी पहिल्यांदा बघितला. तिनं उघडली, आतली पँट काढली, झटकून नीट घडी घातली आणि खाटेशेजारच्या फळीवर ठेवली. "एवढ्यासाठी मला वीस वर्सं तरसवलं व्हय, आबा?" म्हणाली आणि रडायला लागली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघितलं, बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

संध्याकाळी मी निघालो. मास्तर गाडीपर्यंत सोडायला आले. दाराजवळच्या त्यांच्या सीटकडं त्यांनी एकदा बघितलं.

"मंग? कवा येऊ न्यायला?" मी विचारलं.

"डॉक्टरकडं जायचंय परवा. ईहीणबाई सोडणार न्हाईत. बघू. जल्दी न्हाई." मंग जरा घुटमळून म्हणाले, "तुझं टायर चांगलं हाय, दत्ता. मी उगंच बोलत होतो."

"बोलत जा," मी म्हटलं. "चालतंय."

त्यांनी हात वर केला आणि छतावर दोन टोले दिले, बाहेरून. आजवर ते आतून यायचे. मी गाडी हलवली, पण समोरचा रस्ता मला नीट दिसेना. वळणाच्या अलीकडं आरशात बघितलं. मास्तर नव्या घराच्या उंबऱ्यात उभे होते, दुपारपासून तिथंच ठेवलेला तांब्या दोन्ही हातांनी उचलून, मान मागं टाकून पाणी पीत होते. घटाघटा. शर्टाच्या छातीवर ओघळ आला तरी थांबले नाहीत. तांब्या रिकामा झाला, तेव्हा सुनंदानं तो त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा भरून आणायला आत गेली.